प्रश्न उद्भवत नाही

एकतीस हिवाळे मी नागपुरात
अध्यक्षांच्या आसनाखाली बसून
दुसऱ्यांचे शब्द उतरवले.
दहा मिनिटांची पाळी, मग उठायचं.
पुढचा लघुलेखक खुर्चीत सरकायचा
तेव्हा वाक्य अर्धंच असायचं.

आता दर्यापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात,
माझ्या ओसरीवर सुचेता तायडे येते.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये प्रबंध :
तीनशे बारा पानं, चौऱ्याहत्तर विहिरी, सहा वर्षं.
"काका, हे त्यांच्यापर्यंत न्यायचंय."

किती वेळ देतील तुला?
तिला वाटतं, अर्धा तास तरी.
मी हसत नाही. पाहिलंय मी ते अंतर,
गाडीच्या दारापासून सभागृहाच्या दारापर्यंतचं.
मधे तीन निवेदनं, एक हार, कानाला फोन.
तेवढ्या पावलांत मावेल तेवढंच तुझं.
म्हणून ओसरीवर चालून पाहिलं आम्ही,
तिने वाचायचं, मी आमदार व्हायचं,
लक्ष मुद्दाम शेजारच्या बकरीकडे.
पहिल्या खेपेला ती प्रस्तावनेतच अडकली
आणि मी दार लावून घेतलं.

"विद्युतवाहकता," ती म्हणत होती, "मायक्रोसिमेन्समध्ये..."
पलीकडून द्वारकाबाई, चुलीपासून न उठता :
"डाय शिजत नाई व माय. दोन घंटे झाले.
तुह्या त्या मिशीनले इचार, काहून?"
सुचेताने प्रबंध मिटला.
पानाच्या पहिल्या ओळीत डाळ आली.

तीनशे बाराची चाळीस झाली, चाळीसची नऊ,
नवाचं एक, पाठपोट; मग पाठ कोरी.
भांडण झालं ते एका शब्दावरून.
"या पाण्याचा किडनीच्या आजाराशी
संबंध असण्याची शक्यता आहे."
शक्यता काढ, मी म्हणालो. संबंध आहे, असं लिही.
शक्यतेसाठी कुणी बाकावरून उठत नाही.
ती म्हणाली, विहिरी मोजल्या मी,
माणसं तेवढी मोजली नाहीत.
जेवढं कळलंय तेवढंच लिहीन.
आणि चहा अर्धा टाकून उठली.

रात्री डोळा लागला नाही.
एकदा एका मंत्र्याचा माणूस आला होता,
साहेबांचं "नाही" जरा "पाहू" करा म्हणत.
मी वही मिटून घेतली होती,
आणि त्यावर आयुष्यभर मिशीला पीळ दिला.
त्याच तोंडानं या पोरीला मी...

सकाळी फोन केला. शक्यता राहू दे, म्हटलं.
फक्त तिच्या पाठीशी लिही
की तपासायला किती महिने लागतील, किती पैसे,
आणि सही कोणत्या टेबलावर अडते.
पलीकडे थोडा वेळ एसटीचा हॉर्न ऐकू आला.
मग ती म्हणाली, टेबल कसं शोधायचं?

डिसेंबरात प्रश्न लागला, तारांकित.
तिच्या वाक्याला त्यांचे कपडे घातलेले :
हे खरे आहे काय, असल्यास,
नसल्यास, विलंबाची कारणे काय.
तास संपला, नंबर आलाच नाही.
छापील उत्तर जुन्या शिपायाकडून मागवलं मी.

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) तपासणी प्रस्तावित आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

तिने दोनदा वाचलं.
मला वाटलं रडेल. ती "अंशतः"वर बोट ठेवून बसली.
म्हणाली, काका, हा तर माझ्याच घरातला शब्द.

पलीकडे द्वारकाबाईने झाकण उचललं,
दाणा चिमटीत दाबला,
झाकण परत ठेवलं.
"मंग? पानी कवा येईन म्हन्ते?"

माझा हात सवयीनं पेन्सिलकडे गेला.
कोऱ्या पाठीवर लघुलिपीत उतरवून घेतलं.
चार-पाच रेघा, एक ठिपका.
सुचेता वाकून बघत होती :
याचं शुद्ध मराठीत काय करायचं?

काही नाही, म्हटलं.
असंच दे.