आवक-जावक

हेरंब, बैस. पंखा तीनवरच राहू दे,
पाचवर तुझे कागद उडतात.

वाचली. कशी आहे ते नंतर.
आधी हे बघ :
पान एकशे चौदा, त्याखाली थेट एकशे एकवीस.
मधली सहा पानं तुझ्या पलंगाखाली असतील.
तेहेतीस वर्षं एजी ऑफिसात लोकांचे आकडे तपासले,
मला आधी असलंच दिसतं.
संपादकालाही आधी असलंच दिसतं.
प्रत्येक पानावर आकडा घाल, नाव घाल, मोबाईल घाल.
गठ्ठे सुटतात रे.

सुटतात म्हणजे काय, ते सांगते.
हे माझं रजिस्टर. डावीकडे जावक, उजवीकडे आवक.
जावक चौदा. आवक नऊ.
उरलेल्या पाचांची वाट मी आता बघत नाही,
पण रकाने रिकामे ठेवलेत.
सातव्या ओळीवर लाल खूण आहे ना?
त्या पाकिटात 'साभार परत'ची चिठ्ठी माझ्या नावाची
आणि आत कविता, साकोलीच्या कुणा कमल ढोबळेंच्या.
माझ्या कथा तिकडे गेलेल्या.
मी कविता रात्रीत वाचल्या, सकाळी पोस्टात टाकल्या.
तिनेही माझ्या पाठवल्या, पण महिन्याने,
आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात :
'इथे मावशी आधीच वारली आहे.'

खरंच वारली होती. पान बावीसवर.
साठाव्या पानावर मी तिला चहा करायला लावलेला.
सहा प्रकाशकांनी हे सांगितलं नव्हतं.
त्यांचं ते कामही नव्हे.
तेव्हा पाठवण्याआधी एक कमल ढोबळे शोध.
आई नको, आई रडेल आणि छान म्हणेल.

एजंटचं विचारत होतास.
दिल्लीत असतात म्हणे, इंग्रजीवाल्यांचे.
आपल्यात एजंट म्हटलं
की माणूस पॉलिसीचे कागद काढतो.
नव्या बाजारातला तो अठ्ठावीस हजार मागतोय ना,
पुस्तक, सोहळा, शाल, नारळ सगळं धरून?
पैसे तू देणार, तर तो प्रकाशक नव्हे, छापखाना.
छापखान्यात लाज नाही.
फक्त त्याला छापखानाच म्हण.

पत्र एका पानाचं.
शाळेतलं बक्षीस नको, काकांची ओळख तर नकोच.
ज्यांना पाठवतोस त्यांची चार पुस्तकं आधी वाच,
पाककृती छापणाऱ्याला कादंबरी कशाला?
पुण्याचे म्हणतील, भाषा हिंदीकडे झुकलीय.
झुकू दे. तुझी माणसं कंपूत राहतात,
'मी येऊन राहिलो' असंच म्हणतील.
पण निवेदनातलं ऱ्हस्व-दीर्घ नीट कर,
म्हणजे चूक कुठली आणि ग्वाल्हेर कुठलं
ते वाचणाऱ्याला कळेल.

करार आला तर त्या दिवशी सही नाही.
टक्के किती, आणि कशावर, छापील किमतीवर
की त्यांच्या हाती पडलेल्या रकमेवर?
भाषांतर कुणाचं, ऑडिओ कुणाचा, किती वर्षं?
'कायमस्वरूपी' दिसलं की पेनाला टोपण लाव.

बाड्यावरच्या पोस्टात अकराच्या आत जा.
काउंटरवरचा विचारेल, इसमें क्या है?
उपन्यास म्हणू नकोस,
तो वर बघेल, मागची रांगही वर बघेल.
काग़ज़ म्हण. वजन होईल, पावती मिळेल.
पावती जप. चार महिने फोन नाही.
त्या चार महिन्यांत दुसरं लिही,
नाहीतर पोस्टमनच्या सायकलीचा आवाज
ओळखायला लागशील. मी लागले होते.

आणि हो, कशी आहे.
एकशे चौदावर ती मुलगी स्टेशनात शिरते.
एकशे एकवीसवर स्वयंपाकघरात उभी आहे,
उजवा हात बांधलेला, कुणी काही विचारत नाही.
काल दोनपर्यंत मी छताकडे बघत होते.

ती सहा पानं घेऊन ये.
उद्या नको, आज.
दार नुसतं लोटलेलं असेल.