पोच

बटण दाबायला कोणी साहेब आला नाही.
दीड पानाचं परिपत्रक आलं होतं,
त्यात माझ्या ट्रान्समीटरला 'मालमत्ता' म्हटलं होतं.
रात्री एक चाळीसला फारसी बातम्या संपल्या.
संपल्या, हे मला काट्यावरून कळतं.
फारसीतलं मला एक अक्षर येत नाही.

एकतीस वर्षं मी स्वाहिली, अरबी, फारसी
या सड्यावरून आभाळात सोडली,
आणि कोणती भाषा कुठं श्वास घेते
ते मीटरवर पाहत बसलो.
दिल्लीतल्या स्टुडिओतल्या फारसीवाल्या बाई
शेवटच्या वाक्यानंतर जरा थांबायच्या,
काटा अर्धवट उतरायचा,
मग आणखी दोन शब्द. निरोपाचेच असावेत.
त्या रात्रीही दोनच आले.

मग मी व्होल्टेज काढलं.
व्हॉल्व्हची नारिंगी विझायला वेळ लागतो,
तेवढ्यात कायताननं चहा ओतला.
गरम हवेच्या नळीवर हात ठेवून दोघं उभे राहिलो.
हिच्यावर आम्ही पावसाळेच्या पावसाळे शर्ट वाळवले,
फणसाच्या आठळ्या भाजल्या,
मांजरीच्या तीन पिढ्या हिच्याखालीच व्याल्या.
पहाटे पोदेराचा भोंपू वाजेपर्यंत
नळी गार झाली होती.

घरी, शिरोड्याला, यातलं कधी काही ऐकू आलं नाही.
शॉर्टवेव्हचं असंच. वर जाते, आपटते,
मधल्या माणसांच्या डोक्यांवरून उडी मारून
हजार कोसांवर उतरते.
मंजुळा विचारायची, रात्रभर करता तरी काय?
बोलतो, म्हणायचो.
कोणाशी?
मग मी पत्रं दाखवायचो.
केशराची काडी चिकटवलेलं एका शाळामास्तरांचं,
एक तुरुंगातून आलेलं, अर्धं काळं केलेलं,
आणि एक चक्क आपल्या राशोलच्या तारवटीचं:
'मोंबासाच्या अलीकडे तुमचं स्टेशन लागलं.
भाषा कळली नाही. मध्ये सतार वाजली
आणि मला पणजीचं पोस्ट ऑफिस आठवलं.
का, ते ठाऊक नाही.'

दुसऱ्या दिवशी शिरदोनचा आगुस्तीन धापा टाकत वर आला.
बंद झालं म्हणे?
झालं.
'आणि तांबडे दिवे?'
मास्टवरचे दिवे धरून ते होड्या आत आणतात,
हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.
राहतील म्हटलं, विमानांसाठी ठेवतात ते.
तो बरं म्हणाला, चार बांगडे ठेवून उतरला.

आज सात आठवड्यांनी पाकीट आलं.
झांजिबारचा शिक्का, रेघांचा कागद,
माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी.
सालिम बिन हमद, घड्याळ दुरुस्ती.
तारीख. फ्रिक्वेन्सी. संध्याकाळी सव्वासहा ते सात.
'आवाज: शून्य. खरखर: मध्यम.
मागे समुद्रासारखं काहीतरी, पण तो आमचाही असेल.
दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. तेच.
तिसऱ्या दिवशी एरियल बदलली. तेच.
आपली प्रकृती ठीक असावी.
कृपया पोचकार्ड पाठवावे.'

कपाटात एकच कार्ड उरलं होतं,
कोपरा वाळवीनं नेलेला.
शिक्क्याची गादी वाळून खडंग,
कायताननं तिच्यावर चमचाभर फेणी ओतली
तेव्हा कुठं शाई उठली.
कार्डावरची छापील ओळ अशी आहे:
आपला अहवाल आमच्या नोंदींशी ताडून पाहिला, तो बरोबर आहे.
मी नोंदवही काढली, ताडून पाहिला.
बरोबर आहे.

खाली तारीख घातली, वेळ घातली.
'शक्ती' या रकान्यात हात सवयीनं
अडीचशे किलोवॅट लिहून गेला.
खोडलं नाही.

आता खाली पोस्टात जाऊन विचारायचं,
झांजिबारला किती रुपयांचं तिकीट लागतं.
पूर्वी ते दिल्लीवाले बघायचे.