पॅनलच्या आतल्या बाजूला

एप्रिल लागला की लांजेवार मामांचा फोन
टेबलावरून सरकत सरकत कडेला येतो.
खामल्यापासून गोळीबार चौकापर्यंत
सगळ्यांना एकाच दिवशी कूलर आठवतो.

म्हटलं, मामा, तुमचा धंदा ॲपमध्ये घालू.
रविवारी बसलो.
पहिल्याला कप्पे हवे होते:
गिऱ्हाईक, पत्ता, मोटर, पंप, बाकी रक्कम.
"अन् उमाठे बाईले ऐकू येत नाही,
मांगच्या खिडकीतून हाक मारा लागते,
हे कुठं लिहू?"
मी एक कप्पा वाढवला. 'इतर'.
संध्याकाळपर्यंत 'इतर' भिजलेल्या वाळ्याच्या ताटीसारखा
जड होऊन लोंबायला लागला.

दुसऱ्यात कप्पेच नव्हते. नुसतं पांढरं.
बोट ठेवाल तिथे लिहा, ओढा, चिकटवा.
मामांनी एक मोटर लिहिली, तिच्या बाजूला कुत्रा
("चावते, पण हेल्मेटवाल्यालेच"),
खाली पुतणीच्या लग्नाची तारीख,
आणि मग ते पांढरं
दुपारी दोनच्या रस्त्यासारखं चहूकडे पसरत गेलं.
"यात मी हरपतो न बे," म्हणाले, आणि बोट उचललं.

तिसरं ॲप नोंदीला नोंद जोडायचं.
जाळं देखणं झालं.
कोणाचाच पंप सापडेना.

सोमवारी त्यांच्या मागे बसून वर्धमाननगरला गेलो.
मामांनी कूलरची बाजू काढून भिंतीला उलटी टेकवली.
आतल्या पत्र्यावर, क्षाराच्या पापुद्र्यांमधून,
मार्करचं वाकडं अक्षर:
पंप बदलला, १८ ची होळी.
खालचा स्क्रू घसरते.
आजोबा दुपारी झोपते, ठोकाठोकी हळू.
आणि त्याखाली, वेगळ्या शाईत:
आजोबा गेले. २१.

"पण मामा, हे शोधता कसं?"
"शोधाचं काय त्यात?
बिघडला की मीच येतो न याच्यापाशी."
"आणि कूलर भंगारात गेला तर?"
ते पंपाच्या जाळीतलं शेवाळ नखाने काढत राहिले.
"मंग कोणाले पायजे ते?"

माझ्या खिशात तिन्ही ॲपं होती,
तिन्हींत शीर्षक नसलेली एकेक नोंद.

मामांनी पिशवीतून हातोडी काढली.
आधी तिच्या तोंडाला फडकं गुंडाळलं,
घट्ट गाठ मारली,
मग वाकले.