घोसाळं

न्हाणीच्या वाशाला टांगलेलं घोसाळं
बाबांनी काढलं, कानाजवळ हलवलं.
बिया खुळखुळल्या.
"ह्यां घेवन जा तुझ्या लॅबात.
इकत कित्याक घेतंस?"

आचऱ्याहून रत्नागिरी, एसटीत ते मांडीवर.
शेजारच्या बाईंनी विचारलं, अंग घासायला का?
म्हटलं, नाही, गुडघ्यात बसवायला.
त्या खिडकीकडे सरकल्या.

सोड्यात उकळलं की त्याचा लाकूडपणा सुटतो.
उरतो नुसता धागा, धुतल्या पंचासारखा पांढरा,
धाग्यांतून वाटा, वाटांतून खोल्या.
मी चकत्या पाडते, शर्टाच्या बटणाएवढ्या.

गनी मुकादम पहाटे बोकडाचे गुडघे बाजूला ठेवतो.
पैसे घेत नाही.
"कुणाचं तरी उठणं-बसणं होऊ दे त्यातून," म्हणतो
आणि पिशवीला दोन गाठी मारतो.
सांध्यावरची ती निळसर, ओली काच
पात्याने खरवडायची, पेशी सोडवायच्या,
जाळीवर पेरायच्या.
पेरणे हाच शब्द आहे आमच्या वहीतही.

कूर्चेत रक्त फिरत नाही,
फाटली की फाटलीच.
पाऊल टेकलं की तिच्यातलं पाणी बाहेर,
उचललं की आत;
खाडीकाठच्या चिखलासारखी
ती भरती-ओहोटीवर जगते.
म्हणून आमचं यंत्र रात्रभर
बटणाएवढ्या चकत्यांवर चालत असतं.
दाब. सोड. दाब.
अजून नसलेल्या एका पायाचं चालणं.

लवू मयेकर, पाडेली, चाळीस वर्षं.
पायांत काथ्याचा फास, कमरेला कोयता,
दिवसाला तीस माड, लग्नसराईत चाळीस.
डॉक्टर म्हणाले, गादी गेली, हाडावर हाड आलं.
आता खुर्ची टाकून खाली बसतात
आणि वर चढलेल्या पोराला
कुठली पेंड तयार आहे ते ओरडून सांगतात.
चुकत नाहीत.

आमचं घोडं अडलंय वेगळ्याच जागी.
जाळी लवकर विरली तर पेशी कोसळतात.
विरलीच नाही तर नव्या कूर्चेला जागा कुठे?
आणि घोसाळ्याचा धागा
माणसाच्या अंगात विरत नाही सहजी. आपण गाय नव्हे.
मग त्यात समुद्री शेवाळाचा चीक मिसळ,
प्रमाण बदल, तारीख घाल, वाट बघ.
तीन वर्षं.

फोनवर विचारलं त्यांनी एकदाच,
"माज्या ढोपरात कदी घालतलंस?"
मी म्हटलं, आधी मेंढी.
मग पुन्हा मेंढी. मग परवानग्या.
पलीकडे थोडा वेळ फक्त वारा होता,
एक नारळ पडल्याचा आवाज.

"रुजत घातलेलो नारळ बघलंस मा?
कोंब येता, मुळां भुंयत जातत,
तरी वरीसभर झाड आतलाच खाता.
करटी घाय करणा नाय.
मगे कुसता, कोणाक कळणा नाय."

मी वहीत लिहिलं:
चकती एकेचाळीस, सहावा आठवडा,
कडेला काचेसारखी चकाकी, मध्ये अजून काही नाही.
त्याखाली: करटी घाई करत नाही.
मग ते खोडलं. वही तपासायला जाते.

दिवाळीनंतर पुन्हा फोन.
विहिरीकडच्या वेलाला चौदा लागलीत,
"वाळत किती ठेव?"
सगळी, म्हटलं.
"सगळी?
मगे भाजयेक काय?"