पावणेनऊ तास

हलमध्ये, कौन्सिलच्या दुसऱ्या मजल्यावर,
हीटर नुसताच खोकत होता त्या खोलीत
मी फळ्यावर इंग्रजीत यादी लिहीत होतो,
आणि मनात प्रत्येकीला मराठी शेपूट फुटत होतं :
उपलब्धता, सुरक्षितता, गतिमानता…
साऱ्या ता-कारान्त, साऱ्या मानी.
एकीला पाट मांडला की दुसरी रुसते.
कुलूप वाढवा, दार उशिरा उघडतं.
दार सैल सोडा, कुणीही आत येतं.

प्रकरण तसं साधं होतं :
शहरातल्या अकराशे म्हाताऱ्या गळ्यांत
एकेक लाल बटण.
माणूस पडलं की दाबायचं,
आणि इकडून कुणीतरी म्हणायचं, 'बोला, मी आहे.'

मी म्हणालो, नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के.
सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं.
जॅनिस हॅरप, बावीस वर्षं रात्रपाळीला,
हिशेब करत होती बिस्किटाच्या पुड्यावर.
'म्हणजे वर्षातले पावणेनऊ तास
आपण नाही.'
हो, कागदावर तसंच.
'कुठले ते आत्ताच सांग.
मिसेस टॉलिव्हरना कळवते,
त्या वेळात न्हाणीघरात जाऊ नका म्हणून.'

कुणी हसलं नाही.
खिडकीबाहेर हंबरचं पाणी मळक्या चहासारखं,
माझ्या हातातला मार्कर उघडाच, सुकत चाललेला.

मग ती मला खाली घेऊन गेली.
टेबलावर लाल पुठ्ठ्याची वही, गल्लीवार नावं,
किल्ली कुणाकडे, ऐकू कुठल्या कानाने येतं,
आणि सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली
एक पेन्सिल.
'दोनदा वीज गेली. ही गेली नाही.
सुतळी का? चांगली पेन्सिल इथे टिकत नाही.'

त्या संध्याकाळी माझ्या आकृतीत,
दोन सर्व्हर आणि तिसऱ्या राखीव सर्व्हरच्या खाली,
मी एक चौकोन काढला : वही.
त्याला बाण कुठून जोडायचा ते कळेना.
शेवटी सुतळीच काढली, वाकडीतिकडी.
ऑडिटवाल्याने विचारलं, हे कुठलं प्रोटोकॉल?

ता. क.
जॅनिसचा काल निरोप आला :
'चौकोन छान आहे. पण पेन्सिलीला टोक कोण काढणार,
ते कुठेच लिहिलेलं नाही.'
देखभालक्षमता.
हिच्यापुढे नाव नाही, ता. नाही.
सध्या मी माझंच लिहून ठेवलंय,
दर सोमवारी,
आणि खिशात टोकयंत्र.