नवतपा

सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस नवतपा,
इथे ग्वाल्हेरात हे सगळेच सांगतात,
न विचारता.
नऊ दिवसांचं काय घेऊन बसलात,
मला आठवा लागलाय.

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात
माझ्या टेबलाखाली एक निळा टब आहे.
भदौरियाने आणून ठेवला, एक शब्द न बोलता,
वर दोन तांबे माठातलं पाणी ओतून गेला.
त्यात माझे पाय.
घोट्यांची हाडं चैत्रापर्यंत दिसत होती.
चपला भिंतीशी, हेमंतच्या,
माझ्या पाटणकर बाजारातल्या आता पायात शिरत नाहीत.

फोन उचलायचा, नाव, मोहल्ला, मीटर नंबर.
दानाओली. हुजरात. कंपूच्या मागची गल्ली.
"नोट कर लिया है, थोड़ी देर में आ जाएगी."
दिवसभर हिंदीत सांगते
आणि संध्याकाळी मराठीत दमते.

परवा एक म्हातारा आवाज:
"बेटा, हमाई बहू पूरे दिन से है."
रजिस्टरात अशा तक्रारीला रकाना नाही.
मी पेन खाली ठेवलं.
म्हटलं, मानेवर ओला पंचा ठेवा, बर्फ नको.
पाणी घोट घोट द्या, तहान लागायची वाट न बघता.
डाव्या कुशीवर झोपवा, खिडकीला ओली चादर.
आणि चक्कर आली, अंग फार तापलं,
किंवा पोटातलं हलणं कमी झालं
तर लाइटची वाट बघू नका,
रिक्षा करा, सरळ दवाखान्यात न्या.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाली, "तुम्हाओ कौन सो महीना है?"
मी काही सांगितलंच नव्हतं.

घरी तिसरा मजला. वर गच्ची, गच्चीवर आकाश
तव्यासारखं.
हेमंत सहा वाजता बादल्या चढवतो,
पहिली ओतली की स्लॅब चर्र करतो
फोडणी दिल्यासारखा,
आणि जिन्यातून गरम सिमेंटचा वास उतरतो.
थंडीच्या ऋतूचं नाव ठेवलंय आईबापांनी,
त्याचा उपयोग एवढाच.
टेंबे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुती घाला, सैल घाला.
त्याचा जुना झब्बा घालते,
खिशात अजून कुठल्यातरी लग्नाचे तांदूळ आहेत.

रात्री दोनला गेली.
कूलरचा पंखा तीन वेळा फिरला,
चौथ्यांदा फिरेलसं वाटलं.
वाळ्याच्या ताट्यांतून थेंब गळत राहिले थोडे,
मग तेही.
आत कुणीतरी पाय झाडला, बरगडीखाली,
तक्रार नोंदवल्यासारखा.

मी माझाच नंबर फिरवला.
एंगेज. एंगेज. मग भदौरिया.
"अरे मैडम, आप?" आणि तो गप्प झाला,
मागे दुसरा फोन वाजत होता.
"नोट कर लिया," तो हळूच म्हणाला,
"थोड़ी देर में आ जाएगी."
या वाक्याचा अर्थ मला पाठ आहे:
काहीच कळलेलं नाही, लाइनमन खांबावर आहे,
खांब कुठला तेही ठाऊक नाही.
तरी हसू आलं.
थोड्या वेळात येईल, मीही म्हटलं,
पोटावर हात ठेवून, कोण ते न सांगता.

आजूबाजूच्या गच्च्यांवर खाटा सरकल्या,
कुणी लहान मूल रडलं, कुणी तांब्या आपटला.
हेमंत विजेच्या बिलाची घडी करून वारा घालतोय,
मागच्या महिन्याचं, अजून भरायचंय.
मानेवरचा पंचा कडांकडून वाळत येतो,
मध्ये तळहाताएवढी ओल उरते.
ती मी बेंबीवर घेतली.

त्याचा हात मंद झाला, थांबला,
झोपला बहुतेक.
मग झोपेतच
पुन्हा एकदा हलला.