शेरा

काल संध्याकाळी पहिल्या झटक्यात लागलं होतं.
मी शिपाई, मीच बघितलं, मीच रजिस्टरात लिहिलं:
बोट क्रमांक एक, इंजिन चालू, पेट्रोल पुरेसं. सही.
आज पहाटे पाचला दोरी ओढली
तर नुसतं खाकरलं,
थुंकलं,
गप्प झालं.

राजाराम बंधारा एकेचाळीस फुटांवर.
घुणक्यांच्या मळ्यात सात माणसं, चार म्हशी,
त्यातली एक म्हातारी म्हशींशिवाय हलणार नाही.
दोरी ओढून ओढून यासीनच्या तळहाताला फोड.
कुणी म्हणालं, नारळ फोडला नव्हता काय?
कुणी म्हणालं, फोडलेला, पर नासका निघाला.

मग केरबा सुभेदार आले,
लुंगी खोचून, काखेत प्लगपाना,
जसं कुणी छत्री घेऊन यावं.
चार हिवाळे त्यांनी वर, सरहद्दीला,
बर्फावरची स्कूटर हाकलेली.
चाकं नाहीत, पट्ट्यावर पळते म्हणे.
गावाला हे पटत नाही.
पारावर अजून विचारतात,
सुभेदार, पंक्चर काढायला कुठं जायचा?

"सरक. वडू नगंस. आदी त्याला इचार तरी."

प्लग काढला, हुंगला. ठक्क कोरडा.
लोखंडाला टेकवला, मला म्हणाले, आता वड.
निळी ठिणगी, मुंगीच्या डोळ्याएवढी.
"आग हाय."
भोकावर अंगठा दाबला, म्हणाले, वड.
अंगठा उडाला.
"छातीत जोर बी हाय. मग उपाशी का ऱ्हातंय?"

नळीवरचा रबरी फुगा दाबला.
चेपला तो चेपलाच,
कवळी काढल्यावर गाल बसतात तसा.
सुभेदार पहिल्यांदा हसले.
इंजिनाकडं पाठ फिरवली,
टाकीच्या झाकणावर बॅटरी धरली.

झाकणाला एक भोक असतं, हे मला माहीतच नव्हतं.
बाजरीच्या दाण्याएवढं.
त्यावर मातीचा लिंपलेला गोळा,
गुळगुळीत, कडेला बोट फिरवल्यागत.
कुंभारीण माशी.
बोट शाळेच्या पडवीत उन्हाळाभर पालथी,
टाकी शेजारी. तिला काय, घर पाहिजे होतं.

"पेट्रोल भाईर पडायचं तर वारं आत जाया पायजे.
काल चाललं ते आतल्या शिलकीवर."

अंगणवाडीच्या माळीबाईंनी पदराची पिन काढून दिली.
माती फुटली, आतून एक हिरवी अळी निघाली,
जिवंत, पण हलत नव्हती.
सुभेदारांनी ती बोटीच्या काठावर ठेवली.
कुणी हसलं नाही.

"वर हितं बर्फ बसायचा," भोक कोरता कोरता म्हणाले.
"येकदा आमाला कळायला अर्धा तास लागला."
"मग?" यासीननं विचारलं.
सुभेदारांनी भोकात फुंकर मारली.
दोनदा.
पिन लुंगीला पुसली.

टाकीनं सुस्कारा सोडला, खरंच, सगळ्यांनी ऐकला.
फुगा भरला, कडक झाला.
तिसऱ्या ओढीला निळा धूर, आणि मग तो आवाज,
ज्याला एरवी आम्ही कटकट म्हणतो.

म्हशी मागनं पोहत आल्या, दाव्याला धरून.
म्हातारी बोटीत उलटी बसलेली,
गावाकडं पाठ, म्हशींकडं तोंड,
एकेकीला नावानं हाका मारत.

आता दुपार. रजिस्टर माझ्यापुढं.
रकाना सहा: बिघाडाचे कारण.
दोन बोटं रुंद.
कुंभारीण असं लिहिलं, आणि खोडलं.
साहेब तिचं आडनाव विचारतील, कुठल्या वॉर्डातली विचारतील.
मग लिहिलं: टाकीस श्वास नव्हता.
हेही साहेबांना चालेल असं वाटत नाही.

माळीबाईंनी पिन परत मागितली नाही.
झाकणाला दोऱ्यानं बांधून टाकली,
आणि साहित्याच्या यादीत, दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट बारा,
याच्या खाली जागा होती तिथं
नोंद घेतली:
सेफ्टी पिन, एक नग.